अनुभव धागा: 'कालू' म्हटल्याने माणूस वर्णद्वेष्टा ठरतो का?

नॉर्थस्टँडकर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांचे क्रिकेट चालले होते. पार्किंगच्या खांबावर खडूने स्टंप काढलेले होते आणि तळमजल्याच्या खिडकीत चेंडू गेला की फलंदाज बाद, असा नियम होता. त्यांच्यातला सर्वांत वेगवान गोलंदाज धावत आला की सगळी मुले एका सुरात 'कालू, कालू' असे ओरडत होती आणि तोही हसत होता. त्याचे खरे नाव मी यष्टिरक्षकाला विचारले, तेव्हा त्याला ते आठवायला दोन क्षण लागले.

मला लगेच डॅरेन सॅमी आठवला. वेस्ट इंडिजला 2012 आणि 2016 असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा हा कर्णधार हैदराबादच्या आयपीएल संघात होता, तेव्हा त्याला आणि श्रीलंकेच्या तिसारा परेराला 'कालू' म्हणत. सॅमीला वाटे की त्याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी असावा. जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूने अमेरिका पेटलेली असताना, हसन मिन्हाज या विनोदवीराचा कार्यक्रम पाहून त्याला खरा अर्थ कळला. ही हाक आली की खोलीत हशा पिकायचा आणि सहकारी आनंदात आहेत म्हणजे शब्द गमतीचाच असणार, असे आपण समजत होतो, हे त्याने सांगितले तेव्हा मला आतून कसेसेच झाले. त्याच संघातल्या इशांत शर्माची 2014 सालची एक इन्स्टाग्राम नोंदही त्या वेळी लोकांनी शोधून काढली. तिच्यात हाच शब्द होता.

त्याहून जुनी आठवण 17 ऑक्टोबर 2007 ची आहे. वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सातवा एकदिवसीय सामना होता आणि मी नॉर्थ स्टँडमध्ये होतो. ऑस्ट्रेलियाचा आफ्रो-कॅरिबियन वंशाचा अँड्र्यू सायमंड्स दिसला की आमच्या आजूबाजूला माकडाचे आवाज सुरू होत. माझ्या पुढच्या रांगेत एका गृहस्थांनी चार-पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर बसवले होते. त्याचे हात धरून ते त्याला काखा कशा खाजवायच्या, ते शिकवत होते.

नामवंतांनी असा शब्द उच्चारला किंवा असा विनोद केला की आपण ताबडतोब विचारतो की हा माणूस वर्णद्वेष्टा आहे का. मला या प्रश्नाचाच हल्ली संशय येतो, कारण तो विचारला की चर्चा त्या माणसाच्या अंतःकरणात शिरते आणि तिथे कोणालाच काही दिसत नाही. ज्याला तो शब्द लागला, तो मात्र बाहेरच उभा राहतो. आपापले अनुभव लिहावेत. ज्यांना हाक मारली गेली त्यांचे हवेतच, पण ज्यांनी मारली त्यांचे अधिक हवेत.

चौथी स्लिप

तो सामना मुरली कार्तिकचा होता. 27 धावांत 6 बळी! आपण दोन गडी राखून जिंकलो होतो. बाकीचे नंतर सविस्तर लिहितो, सध्या कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम माझ्याकडे आहे.

निळावंती

धागा वाचून अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी आठवली. सप्टेंबर 2016 मध्ये ती आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एका विनोदी कार्यक्रमात गेली होती. तिथे तिला विचारले गेले की तुला जांभळे फार आवडत असतील, लहानपणापासून किती खाल्लीस? पुढचा सगळा विनोद तिच्या रंगावरच फिरत राहिला आणि ती उठून निघून गेली. तिला सांगण्यात आले की हा 'रोस्ट' आहे, म्हणजे पाहुण्याची टर उडवण्याचाच कार्यक्रम. तिने नंतर लिहिलेल्या मजकुरात रंगाचा जातीशी असलेला संबंधही स्पष्ट मांडला होता.

माझा अनुभव जांभळाचाच आहे. आमच्या आत्या दर उन्हाळ्यात टोपली घेऊन येत आणि मला बघून म्हणत, "हिला देऊ नका गं, आधीच पिकली आहे." सगळे घर हसे. आत्यांचा माझ्यावर अतोनात जीव होता. माझ्या बाळंतपणात दीड महिना त्या माझ्याजवळ राहिल्या. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मी आजही लोकांसमोर जांभूळ खात नाही, हेही तितकेच खरे आहे.

सदूभाऊ

सर्वांना नम्रपणे सांगू इच्छितो की आपल्या संस्कृतीत काळा हा शब्द शिवी नाही. आपला विठोबा काळा, आपला कृष्ण काळा. आम्ही शाळेत एकमेकांना काळ्या, जाड्या, चकण्या म्हणतच मोठे झालो आणि आजही तीच मैत्री टिकून आहे. सॅमीनेही काही दिवसांनी सांगितले होते की संबंधित खेळाडूशी आपले बोलणे झाले आणि तो शब्द प्रेमापोटीच होता. मग आपण कशाला पंचनामा करावा?

निळावंती

सदूभाऊ, आमच्या देवघरात विठोबाची तसबीर होती आणि त्याच खोलीत दर रविवारी मला पाटावर बसवून आई माझ्या तोंडाला मसुराच्या डाळीचे पीठ आणि साय चोळत असे. पीठ सुकले की कातडी ओढली जायची आणि मी समोर विठोबाकडे बघत बसायची. त्याला मात्र कोणी साय लावली नाही.

सदूभाऊ

निरुत्तर. ताई, आत्यांच्या त्या वाक्यासाठी मला वाईट वाटले.

मुक्काम लेस्टर

सॅमीने प्रेमाचा निर्वाळा दिला हे बरोबर आहे, पण तो आधी बोलला, मग त्या खेळाडूने त्याच्याशी बोलणे केले आणि मग हा निर्वाळा आला. आपण शेवटचा भाग तेवढा उचलतो.

मी 2007 च्या जानेवारीत इथल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नवीनच लागले होते. त्याच महिन्यात टीव्हीवर 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' (आपल्या 'बिग बॉस'सारखा कार्यक्रम) चालू होते. त्यातल्या जेड गुडी या ब्रिटिश स्पर्धकाने शिल्पा शेट्टीला 'शिल्पा पापडम' म्हटले, इतर दोघींनीही तिच्या उच्चारांची आणि हाताने जेवण्याची टर उडवली आणि नियामक संस्थेकडे चव्वेचाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. जेड सांगत राहिली की आपण वर्णद्वेष्ट्या नाही. तिचे वडील स्वतः मिश्र वंशाचे होते, म्हणजे तिच्या घरातच या शब्दांचे ओरखडे असणार. तरीही ते शब्द तिच्या तोंडून आलेच. त्या आठवड्यात आमच्या विश्रांतीच्या खोलीत एकीने माझ्या डब्याकडे बघून "आज पापडम नाही का?" असे विचारले. हसावे की रागवावे हे ठरवेपर्यंत माझा चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून माफी मागितली. आम्ही पुढे नऊ वर्षे एकत्र काम केले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्याच सुमारास आम्ही मराठी मंडळी जमलो की आफ्रिकी वंशाच्या सहकाऱ्यांना बिनदिक्कत 'कल्लू' म्हणत होतो, कारण त्यांना मराठी कळत नव्हते. पापडमने दुखावलेली मीही त्यात होते. एकदा बसमध्ये फोनवर मी तो शब्द उच्चारला आणि समोरच्या आसनावरची झिंबाब्वेची सहकारी मान वर करून माझ्याकडे बघून छान हसली, कारण तिला वाटले मी तिच्या ओळखीचे काही बोलते आहे. त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून आलेला नाही. घरात अजून येतो; नवऱ्याशी भांडणे चालू आहेत.

ज्ञानू

ताईंनी लिहिले तसेच काहीसे अझीम रफिक या पाकिस्तानी वंशाच्या इंग्लिश क्रिकेटपटूचे झाले. यॉर्कशायर क्लबात आपल्याला वंशावरून कसे वागवले गेले, हे त्याने नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे रडत सांगितले आणि त्याच आठवड्यात त्याने 2011 साली लिहिलेले ज्यूविरोधी संदेश बाहेर आले. त्याने सबबी न सांगता माफी मागितली. त्याच्यावर अन्याय झाला हे त्यामुळे खोटे ठरत नाही आणि त्याच्यावर अन्याय झाला म्हणून ते संदेश धुऊनही निघत नाहीत.

त्याच क्लबात आपल्या चेतेश्वर पुजाराला 'स्टीव्ह' म्हणत, कारण नाव उच्चारता येत नाही. माझे नाव ज्ञानेश्वर असून परदेशी ग्राहकांसाठी कंपनीने मला 'डॅन' केले आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "दान तर दान, पगार वेळेवर देतात ना?"

चौथी स्लिप

शिट्ट्या झाल्या. आता मुद्द्यावर येतो.

जानेवारी 2019 मध्ये दरबानला पाकिस्तानचा कर्णधार सरफराज अहमद यष्टींमागून दक्षिण आफ्रिकेच्या फेलुक्वायो या कृष्णवर्णीय खेळाडूला उर्दूत 'काले' असे संबोधून बोलला आणि स्टंपजवळच्या मायक्रोफोनने ते साऱ्या जगाला ऐकवले. ज्याला बोलला त्याला ते समजलेच नव्हते. सरफराजने त्याला भेटून माफी मागितली, दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराने क्षमा केल्याचे जाहीर केले, तरीही आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) चार सामन्यांची बंदी घातलीच. मला हे पटते. क्षमा करणे हा खेळाडूचा अधिकार आहे आणि नियम पाळून घेणे हे संस्थेचे काम आहे.

याउलट 2008 च्या सिडनी कसोटीतले हरभजन-सायमंड्स प्रकरण बघावे. हरभजनने सायमंड्सला 'माकड' म्हटल्याचा आरोप होता. आधी हरभजनवर तीन कसोट्यांची बंदी आली, मग अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप बाजूला ठेवून फक्त शिवीगाळीसाठी निम्मे मानधन कापले. तो शब्द उच्चारला गेला की नाही, हे सिद्धच झाले नाही. पण आपल्याकडे चर्चा कशाची झाली? पंच कसे वाईट होते, याची. तीन महिन्यांपूर्वी त्याच सायमंड्सला बडोद्यात आणि मुंबईत काय ऐकावे लागले होते, हे कोणाला आठवले नाही. पुढे 2011 मध्ये तो आणि हरभजन मुंबईच्याच आयपीएल संघात एकत्र खेळले, हे मात्र मला फार आवडले होते.

नॉर्थस्टँडकर, तुम्ही स्टँडमध्ये होतात असे लिहिले आहे. तुम्ही स्वतः त्या वेळी काय करत होतात, ते लिहिलेले नाही.

वकिलीणबाई

दोन तारखांच्या मध्ये लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. जातीच्या बाबतीत आपल्याकडे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. एप्रिल 2020 मध्ये युवराज सिंगने रोहित शर्माबरोबरच्या थेट गप्पांत एका सहकारी खेळाडूची थट्टा करताना एक जातिवाचक शब्द वापरला. त्याने जूनमध्ये खेद व्यक्त केला, पण हरियाणात गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये अटक होऊन जामीन मिळाला. ज्याची थट्टा केली, त्याची तक्रार नव्हतीच. तक्रार त्या लोकांची होती, ज्यांच्या जातीचे नाव इतरांची थट्टा करण्यासाठी वापरले गेले. 'मी आपल्या मित्राला म्हणालो' ही सबब इथे तोकडी पडते, कारण तो शब्द मित्राचा नव्हताच.

पर्वरीकर

आमच्या गोव्यात आफ्रिकी माणसाला 'खाप्री' म्हणतात आणि म्हणणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. 2013 मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा तत्कालीन सांस्कृतिक मंत्र्यांनी नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. नंतर त्यांनी माफी मागितली. माफी मागितली त्या दिवशी आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात चर्चा एवढीच होती की माफी मागायची काय गरज होती.

घरमालकीण, कोथरूड

आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरचे दोन विद्यार्थी भाड्याने राहत. मी त्यांना चिंकी म्हणत असे. खरे सांगते, लाडानेच म्हणत असे. संकष्टीचे मोदक आधी त्यांना जायचे. 2021 च्या नोव्हेंबरात राघव जुयाल या सूत्रसंचालकाने नृत्याच्या कार्यक्रमात गुवाहाटीच्या एका लहान मुलीची ओळख चिनी भाषेची नक्कल करून आणि मोमोचे नाव घेऊन करून दिली. आसामचे मुख्यमंत्री संतापले. राघवचे स्पष्टीकरण असे होते की त्या मुलीनेच आपल्याला चिनी बोलता येते असे गमतीने सांगितले होते आणि तो विनोद आधीपासून चालू होता. मी टीव्ही बघत म्हणाले, "केवढेसे ते, त्यात काय एवढे?" त्यातला धाकटा भाडे द्यायला दारात उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने पाकीट ठेवले आणि वर पेनने मोठ्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले, मराठीत. दर महिन्याला तो नुसता खोली क्रमांक लिहीत असे. ते पाकीट मी अजून टाकलेले नाही.

ज्ञानू

काकू, हे वाचून ऑफिसच्या जिन्यात थांबलो.

रोपवाटिका

मला मसुराच्या पिठाबद्दल विचारायचे होते, पण आता विचारवत नाही. तरी, त्वचा कोरडी पडते का हो? रंगासाठी नव्हे, खाज सुटते म्हणून विचारते आहे.

निळावंती

पडते. खोबरेल लावा.

नॉर्थस्टँडकर

चौथी स्लिप यांचा प्रश्न मी दोन दिवस टाळला. मूळ लेखात त्या गृहस्थांबद्दल लिहिले, कारण ते लिहिणे सोपे होते.

पहिल्यांदा आवाज सुरू झाले तेव्हा मी गप्प होतो. सायमंड्स क्षेत्ररक्षण करताना आमच्या बाजूला आला, तेव्हा आपला डाव कोसळत होता, गळा सुकला होता आणि चीड कोणावर काढावी ते कळत नव्हते. सगळा स्टँड एका लयीत ओरडत होता आणि त्या लयीत मीही ओरडलो. दोनदा, कदाचित तीनदा. त्या लहान मुलाने खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि आपले बरोबर जमते आहे ना, अशा नजरेने तो हसला. मी मान डोलावली. नंतर सीमारेषेपलीकडून कॅमेरे आमच्या दिशेने वळले, तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो.

लोकलने घरी आलो. आई जागी होती. तिला मी कार्तिकच्या सहा बळींपासून शेवटच्या धावेपर्यंत सगळा सामना सांगितला, एवढे सोडून.