कुबरनेटीसमधील मेमरीचा आकडा आणि प्रत्यक्ष ताण
कुबरनेटीस, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर (स्वतंत्र कप्प्यात चालणारे प्रोग्रॅम) चालवणारी प्रणाली, वापरताना एक सूचना केली जाते: कंटेनरची मेमरी मर्यादेच्या ९० टक्क्यांवर गेली की इशारा द्यावा. ही सूचना सोयीची असली तरी तो आकडा नेमके काय मोजतो हे आधी पाहायला हवे. प्रत्येक यंत्रावर कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबलेटमधील सीॲडव्हायझर हा मापक ‘वर्किंग सेट’ (वापरातील मेमरीचा हा आकडा) काढताना एकूण वापरातून फक्त निष्क्रिय फाइल-कॅशे (वाचलेल्या फायलींची मेमरीत ठेवलेली प्रत) वजा करतो. सक्रिय कॅशे त्यातच राहते, आणि गरज पडल्यास तीही बहुतांशी मोकळी करता येत असल्यामुळे, फायली सतत वाचणारा डेटाबेस सुस्थितीत असूनही मर्यादेला टेकलेला दिसू शकतो. तरीही हा आकडा टाकाऊ नाही, कारण नोडवर (यंत्रावर) मेमरी कमी पडली की पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) हुसकावताना क्युबलेट हाच हिशेब धरतो.

सीपीयूचे दुखणे उलटे आहे. मर्यादा सहसा १०० मिलिसेकंदांच्या कालखंडात मोजली जाते. अर्ध्या कोअरची मर्यादा असलेल्या प्रक्रियेचे ४ थ्रेड (समांतर चालणारे धागे) एकदम धावले, तर ५० मिलिसेकंदांचा वाटा १२.५ मिलिसेकंदांतच संपतो आणि उरलेला वेळ थांबण्यात जातो, मात्र मिनिटभराची सरासरी निवांतच दिसते. म्हणून सरासरीऐवजी, एकूण कालखंडांपैकी किती रोखले गेले हे प्रमाण मी आलेखात आधी ठेवेन.

यापुढची पायरी म्हणजे पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन), म्हणजे ताणाची थेट मापे. लिनक्स ४.२० पासून कर्नल ताण, म्हणजे कामे किती वेळ खोळंबली, हे सांगतो, आणि कुबरनेटीस १.३४ मध्ये ही मापे बीटा टप्प्यावर आली. त्यासाठी सीग्रुप व्ही २ (प्रक्रियांना संसाधने वाटून देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेची दुसरी आवृत्ती) लागतो. जुन्या नोडवर तूर्त रोखलेल्या कालखंडांवरच भागवावे लागेल.