आरसी ट्रक: टी-कनेक्टर काढून एक्सटी-६० लावायचा आहे, पण सोल्डर धरत नाही

चिखलचाक

रिमोटवर चालणारा (आरसी) १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक आहे. ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), ३एस (ओळीने जोडलेले तीन सेल) ५००० एमएएच लायपो बॅटरी. ईएससीवर आणि जुन्या दोन बॅटऱ्यांवर टी-कनेक्टर आहेत, नव्या बॅटऱ्या एक्सटी-६० हा दुसऱ्या जातीचा कनेक्टर लावून आल्या आहेत. सगळीकडे एक्सटी-६० करायचा विचार आहे. तार सगळीकडे १२ गेज, सिलिकॉनची.

हाताशी २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न (त्याचं टोक, म्हणजे बिट, टोकदार), साधी सोल्डर तार आणि हार्डवेअरच्या दुकानातली डबीतली पेस्ट आहे. बॅटरीला हात लावण्याआधी तारेच्या तुकड्यावर आणि सुट्या कनेक्टरवर सराव चालू आहे. सोल्डर तारेवर गोळी होऊन बसतं, आत शिरत नाही. बराच वेळ आयर्न टेकवला की पिवळं प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. मग दुसरा अर्धा भाग त्यात बसत नाही.

आयर्न किती वॅटचा आणि तापमान किती हवं? कामाचा क्रम काय? आणि बॅटरीच्या तारा तर कायम जिवंत असतात, तिथे काय सांभाळायचं?

---

राळ_कथील

२५ वॅटचा आयर्न रेडिओच्या बोर्डावरचे बारीक पाय जोडायला ठीक आहे, या कामाला नाही. १२ गेजच्या तारेत सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर तांबं असतं. आयर्न टेकवला की ते तांबं उष्णता ओढून मागे पळवतं, बिटाचं टोक थंड पडतं आणि पुन्हा तापायला त्याच्यात दम नसतो. कनेक्टरच्या पिनेमागची, तार बसवायची वाटी सोल्डर वितळण्याइतकी तापेपर्यंत आजूबाजूचं नायलॉन मऊ झालेलं असतं. म्हणजे पिन तिरकी होते ती आयर्न फार तापलेला आहे म्हणून नव्हे, तर कमी ताकदीचा आयर्न फार वेळ टेकवावा लागतो म्हणून. या कामात भरपूर उष्णता थोडा वेळ द्यायची. थोडी उष्णता बराच वेळ दिली की कनेक्टर जातो.

तापमान ठरवता येणारा ६० ते ८० वॅटचा आयर्न घ्या. बिट छिन्नीसारखं चपटं, ४ ते ५ मिमी रुंद. तापमान ३८० ते ४०० अंश सेल्सिअस. टोकदार बिट कितीही तापवलं तरी त्याचा स्पर्श सुईएवढाच होतो, म्हणून वॅटइतकंच बिटाकडेही बघा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रुंद बिट सुटी मिळतात. जाड तांब्याच्या बिटाचा ६० वॅटचा साधा आयर्नही चालतो, फक्त त्याला पूर्ण तापायला वेळ द्या. असं उघड्या तांब्याचं बिट काळं पडलं तर कानशीने घासून पुन्हा कथील चढवता येतं. मुलामा दिलेल्या बिटाला मात्र कानस कधीच लावू नका, मुलामा गेला की बिट गेलं. ते पितळी काथ्यात पुसायचं आणि काम संपल्यावर टोकावर थोडं सोल्डर ठेवूनच बंद करायचं.

सोल्डर ६३/३७, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, आत राळ असलेलं, १ मिमी किंवा जाड. हे १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० थोडा वेळ अर्धवट घट्ट राहतं, तेवढ्यात तार हलली की जोड दाणेदार होतो. बिनशिशाचं सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. हात बसेपर्यंत ते नको.

डबीतली पेस्ट कोणती ते बघा. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाच्या पेस्टमध्ये जस्ताचं क्लोराइड असतं. ते सिलिकॉनच्या आवरणाखाली धाग्यांमध्ये शिरलं की पुसून निघत नाही, आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडून आतून तुटतं. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत आणखी लवकर. इलेक्ट्रॉनिक कामाचा राळेचा फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारी पेस्ट) घ्या. तुमच्या गोळीचं अर्धं कारण आयर्न असेल, उरलेलं अर्धं काळवंडलेली तार. सोलल्यावर तांबं चकचकीत गुलाबी दिसलं पाहिजे. तपकिरी किंवा काळं असेल तर तेवढा तुकडा कापून पुढे सोला.

आता क्रम. आधी तारेत ६ मिमीची श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) ओवा आणि दूर मागे सरकवा, नाहीतर कामाच्या उष्णतेनेच ती वाटेत आवळते. आवरण ६ ते ७ मिमी सोला, वाटीच्या खोलीएवढंच. धागे बोटांनी हलके पिळा, एकही बाहेर नको. फ्लक्स लावा. बिट तारेखाली टेकवा आणि सोल्डर वरून तारेला लावा, बिटाला नाही. तार पुरेशी तापली की सोल्डर स्वतः आत ओढलं जातं. धाग्यांच्या खुणा वरून दिसत राहिल्या पाहिजेत. फार भरलं तर सोल्डर आवरणाखाली चढतं, तार तिथे काडीसारखी कडक होते आणि ट्रकच्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते.

कनेक्टरचा जोडीदार अर्धा भाग त्यात घट्ट घाला आणि मगच गरम करा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या जागी राहतात, शिवाय थोडी उष्णता जोडीदार शोषून घेतो. एक जुना नर आणि एक जुनी मादी फक्त यासाठीच राखून ठेवा. जोडीदार पूर्ण सुटा हवा, त्याला ना बॅटरी ना चार्जर. धरायला पकडीत घालून पकडीच्या दांड्यांना रबरबँड गुंडाळलं की पुरे.

वाटीचं तोंड वर ठेवा. बिट बाहेरून वाटीच्या भिंतीला सपाट टेकवा आणि सोल्डर आत सोडा. वाटी अर्ध्यापेक्षा थोडी जास्त भरली की थांबा. काठोकाठ भरलीत तर तार घालताना सोल्डर ओघळून शेजारच्या पिनेपर्यंत जातं. बिट न काढता कथील चढवलेली तार वरून आत दाबा. तारेवरचं सोल्डर वाटीतल्या सोल्डरमध्ये मिसळताना डोळ्यांना दिसतं, त्यानंतर एक-दोन सेकंद थांबून बिट काढा. तार १० सेकंद अजिबात हलवू नका, फुंकरही नको. बिट टेकवल्यापासून काढेपर्यंत ५ सेकंदांच्या आसपास लागले तर आयर्न बरोबर आहे. १५ लागत असतील तर थांबा, कनेक्टर थंड होऊ द्या आणि बिट किंवा तापमान बदला.

---

सुरक्षित_सेल

वरचं सगळं आधी ईएससीच्या बाजूला करा. तिथे वीज नसते. हात बसला की मगच बॅटरी.

बॅटरी साठवणुकीच्या व्होल्टेजवर आणा, सेलमागे ३.८० ते ३.८५, म्हणजे ३एसला साधारण ११.४ ते ११.५५. याने शॉर्टचा धोका टळत नाही, पण काही बिघडलंच तर आत साठलेली ऊर्जा कमी असते. फुगलेल्या पॅकवर नवा कनेक्टर लावूच नका.

सर्वांत महत्त्वाचं: दोन्ही तारा एकदम कापू नका. कटरचं पातं धातूचं आहे, लाल आणि काळी एकाच फटक्यात कापली की शॉर्ट त्या पात्यातूनच होतो. ५००० एमएएचचा पॅक क्षणभरात शेकडो अँपिअर सोडतो. पातं वितळतं आणि ठिणग्या तोंडावर येतात. एक तार कापा, सोला, सोल्डर करा, श्रिंक नळी चढवा. ती पूर्ण झाकली गेल्यावरच दुसरी. मधल्या वेळात दुसरी तार जुन्या टी-कनेक्टरमध्येच राहते, आणि त्या कनेक्टरच्या उघड्या पट्टीवरही टेप लावायची, कारण तीही जिवंतच आहे. बॅलन्सची (चार्जरला प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवणारी) बारीक पांढरी प्लग लोक विसरतात. तिच्या कडेच्या दोन तारांमध्ये पॅकचं पूर्ण व्होल्टेज असतं. तिलाही टेप.

कोणती तार आधी, याने फरक पडत नाही. एका वेळी एकच उघडी, एवढं पाळा.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. लाकडी फळीवर काम करा, स्टीलच्या टेबलावर नको. कोरड्या वाळूची बादली जवळ असू द्या. खिडकी उघडी ठेवा: या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर राळेचा असतो, पण तो दमा असलेल्यांना त्रास देतो. शिसं हाताला लागून तोंडात जातं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच चहा.

बॅटरीवर मादी कनेक्टर लावा, म्हणजे ज्यात सोनेरी नळ्या प्लास्टिकच्या आत बुडालेल्या असतात तो. उघड्या पिनांचा नर ईएससीवर. उलटं केलं तर जिवंत पिना बाहेर राहतात आणि खोक्यातला एखादा स्क्रूसुद्धा त्यांना जोडू शकतो. कनेक्टरच्या प्लास्टिकवर + आणि − उठावात असतात. एक्सटी-६० ला चौकोनी टोकाकडे धन, तासलेल्या टोकाकडे ऋण. तरीही प्रत्येक वेळी खूण वाचूनच तार लावा, उलटी जोडणी ईएससी सहसा सहन करत नाही.

---

चिखलचाक

आभार, रुंद बिट आणि ६३/३७ आणतो. आणखी दोन गोष्टी. टी-कनेक्टर कापल्यावर ईएससीची तार आखूड होईल, १० सेमी तार जोडून वाढवली तर चालेल का? आणि चार्जरची केळी-पिनांची (बनाना प्लगची) तारही मीच करायची आहे, तिथे काही वेगळं?

---

बारा_गेज

बॅटरी ते ईएससी ही वाट लांबवणं टाळा. ईएससी मोटरला वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून देतो. तार जितकी लांब तितकं तिचं इंडक्टन्स जास्त, आणि प्रत्येक तोडीला व्होल्टेजची उसळी जास्त. तो मार ईएससीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरवर पडतो, ते तापतात आणि शेवटी फुगतात. तार वाढवायचीच असेल तर मोटरच्या तीन तारा वाढवा आणि ईएससी बॅटरीजवळ सरकवा. तुमच्या बाबतीत तर टी-कनेक्टर कापण्याऐवजी सोल्डर वितळवून काढला तर तार जवळपास पूर्ण वाचते. ईएससीवर वीज नसल्यामुळे ते निर्धास्त करता येतं. बॅटरीच्या बाजूला मात्र एकेक तार कापण्याचीच पद्धत ठेवा.

चार्जरची तार करताना काम अवघड नाही, वापरताना धोका आहे. क्रम कायम हा: आधी केळी-पिना चार्जरमध्ये, मग बॅटरी. काढताना आधी बॅटरी. बॅटरी लावलेली असताना त्या दोन पिना सुट्या लोंबकळत असतील तर एकमेकींना टेकायला निमित्त लागत नाही.

आता तपासणी. बॅटरी न लावता मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप देतो त्या खुणेवर) ठेवून ईएससीच्या दोन पिनांना लावा. कपॅसिटर भरेपर्यंत छोटा बीप येऊन थांबला तर ठीक. सतत वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका. बॅटरीच्या कनेक्टरवर डीसी व्होल्ट मोजा: लाल प्रोब + खुणेच्या नळीत, काळा − मध्ये. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर तारा उलट्या लागल्या आहेत. प्रोब आत घालताना त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

पहिल्यांदा वीज देताना मध्ये बल्ब घाला. एक्सटी-६० ची नर-मादी जोडलेली छोटी तार करायची, काळी सरळ, लाल मध्ये कापून तिथे गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपासच जाऊ देतो. बॅटरी लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद राहिला तर जोडणी बरोबर. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर लगेच काढा. बल्ब असताना थ्रॉटल देऊ नका. हा बल्ब ३एसपर्यंतच, ६एसला दोन बल्ब ओळीने लावा.

बल्ब काढून थेट लावताना 'टक' असा आवाज आणि बारीक ठिणगी येईल, ती कपॅसिटर भरण्याची. ३एसला ती चालून जाते. ६एसच्या गाड्यांत हीच ठिणगी पिनांचा सोनेरी मुलामा खाते, म्हणून तिथे एक्सटी-९०एस हा ठिणगी रोखणारा कनेक्टर वापरतात. त्याच्या आत ५.६ ओहमचा रेझिस्टर असतो, पिना पूर्ण बसण्याआधी कपॅसिटर त्यातून हळू भरतात.

---

राळ_कथील

जोड ओळखण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. ६३/३७ चा चांगला जोड चकचकीत असतो आणि सोल्डर वाटीच्या काठापासून तारेकडे उतरता चढलेला दिसतो. तारेभोवती खाच दिसली किंवा सोल्डर फुगीर गोळी होऊन बसलं तर ते ड्राय सोल्डर. वरून घट्ट वाटतं, पण ४० अँपिअर वाहिले की तिथेच तापतं. थंड झाल्यावर तार जोरात ओढून बघा, चांगला जोड जराही हलत नाही. ड्राय निघाला तर वरून आणखी सोल्डर थापू नका. फ्लक्स लावा, पुन्हा पूर्ण वितळवा आणि तार आत दाबा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कनेक्टर बोटाने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल आणि एकच बाजू तापली असेल तर त्या बाजूचा जोड काढून नव्याने करा. दोन्ही बाजू सारख्या तापत असतील तर नर पिना सैल झाल्या असतील. त्यांना उभ्या चिरा असतात, बॅटरी काढून पातळ पातं चिरेत घालून किंचित फाकवा. सरावात पिन तिरकी झालेले कनेक्टर गाडीवर वापरू नका, ते जोडीदार म्हणूनही निरुपयोगी, कारण पुढच्या प्रत्येक कनेक्टरला ते तोच तिरकेपणा देतील.