घाण्याचं खोबरेल खाऊन एलडीएल उतरतं म्हणे!

कोथरूडकर
आमच्या सोसायटीत सध्या लाकडी घाण्याची लाट आलीय. शेजारच्या काकांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं तर घाणेवाल्याने सांगितलं, रिफाइंड बंद करा, खोबरेल सुरू करा, झाडाचं तेल आहे, कोलेस्टेरॉल नसतंच त्यात. अहो कुठल्याच वनस्पती तेलात नसतं! पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंचसं लिव्हरच बनवतं, आणि सॅच्युरेटेड फॅट (लोण्या-तुपातलं, गारठ्यात थिजणारं) जास्त गेलं की लिव्हरवरचे एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात, मग ते बसतं रक्तात फिरत. खोबरेलात सॅच्युरेटेड ९० टक्क्यांच्या आसपास, पामतेलात निम्मं, शेंगदाण्याच्या तेलात २० च्या आतबाहेर, करडईत १० च्या आत. घाणा लाकडाचा असो नाहीतर लोखंडाचा, हे आकडे हलत नाहीत. काकांनी गपगुमान करडई घ्यावी.

रत्नांग्रीचा_पुणेकर
झालं सुरू! आमच्या पणजीने जन्मभर खोबरेल खाल्लं, तिला काही झालं नाही. खोबरेलातल्या लॉरिक ॲसिड नावाच्या फॅटने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉलपण वाढतं, ते बरं नाही सांगितलंत. आणि रिफाइंडचा वास, रंग, व्हिटॅमिन ई निम्मंअर्धं उडवून वर हार्टचं चित्र छापतात ते चालतं वाटतं?

कोथरूडकर
पणजी घाटी चढत होती हो, तुम्ही लिफ्टने जाता. एचडीएल वाढवणारी औषधं कंपन्यांनी काढून पाहिली, एचडीएल भरपूर वाढलं पण बहुतेकांनी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. खोबरेल लोण्यापेक्षा बरं, इतकं मान्य.

शंकासुर
करडईवाल्यांनी सिडनीचा अभ्यास वाचलाय का? १९६६ ते ७३, हार्टचा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष, एका गटाला सॅच्युरेटेडऐवजी करडईचं तेल आणि करडईचंच मार्जरीन (तेलापासून केलेलं लोण्यासारखं) दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, माणसं मात्र जास्त गेली! जुना डेटा नीट तपासून त्यात हार्टनेच जास्त गेली हे छापून यायला २०१३ उजाडलं. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा सुधारला म्हणून माणूस सुधारला असं नाही, आणि करडईत ओमेगा ६ जातीचं फॅट सत्तर टक्क्यांच्या वर, ओमेगा ३ जातीचं जवळपास शून्य.

कोथरूडकर
मुद्दा चांगलाय, पण एकाच ट्रायलवर उड्या नकोत. त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारं) किती होतं हा वाद अजून मिटलेला नाही, आणि ट्रान्स म्हणजे एलडीएल वर, एचडीएल खाली. सगळ्या चांगल्या ट्रायल एकत्र धरून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सॅच्युरेटेडच्या जागी पॉलीअनसॅच्युरेटेड (करडईसारख्या तेलांतलं, पातळ राहणारं) घ्या असंच सांगितलं. ओमेगा ३ हवं तर जवसाची चटणी खा की.

पेठेतली_सून
तुम्ही दोघं स्वयंपाक करता का कधी? सासूबाईंची फोडणी म्हणजे पळीभर तेल, तेच तळणीचं पुन्हा पुन्हा वापरायचं, वर साबुदाणा खिचडी, संध्याकाळी जिलबी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढतात ते साखर, मैदा, साबुदाण्यानेसुद्धा, जास्तीच्या साखरेची चरबी लिव्हर घरच्या घरी बनवतं. आम्ही शेंगदाणा आणि राइस ब्रान (भाताच्या कोंड्याचं तेल) आलटून पालटून वापरतो. राइस ब्रानमधलं ओरायझॅनॉल नावाचं द्रव्य कोलेस्टेरॉल थोडं कमी करतं, पण ते तेल बाजारात येतं ते सहसा सॉल्व्हंट (तेल विरघळवणारं रसायन) लावून काढून रिफाइंड केलेलं, आता घाणावाल्यांनी काय करायचं?

रत्नांग्रीचा_पुणेकर
बरं, सहा आठवडे खोबरेल बंद करून लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) काढतो, तोवर शेंगदाणा. उकडीच्या मोदकावर मात्र तूप घालणार, आत्ताच सांगून ठेवतो.