छोटं स्टिअरिंग: जोर आणि झटका
पॉवर स्टिअरिंग नसेल तर गाडीला छोटं स्टिअरिंग व्हील बसवल्यावर ते जड जाणार, हे अगदी खरं. १७ इंचीच्या जागी १४ इंची बसवलं की त्याच वळणाला साधारण २१ टक्के जास्त जोर लागतो. पण हाच हिशेब उलटाही चालतो: पुढचं चाक दगडावर आदळलं की झटकाही हाताला तेवढाच जास्त बसतो. मी बदलल्यावर पहिल्याच ओढ्यात स्टिअरिंगचा आरा अंगठ्यावर आपटला, आठवडाभर मूठ वळत नव्हती. तेव्हापासून अंगठे कायम रिमच्या बाहेर.

आणि बॉस किट (नवं स्टिअरिंग गाडीच्या स्टिअरिंग शाफ्टवर बसवायचा जोड) घेण्याआधी शाफ्टवरचे दाते मोजाच, ते किटशी जुळायला हवेत. नट शेवटचा आवळण्यापूर्वी चाकं सरळ ठेवून दोन्हीकडचे इंडिकेटर आपोआप बंद होतात का तेही बघा. माझा डावा होत नव्हता, सगळं पुन्हा उघडावं लागलं.