क्यूबेकचा टप्पा वेगळा आहे

जोडीदाराला पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, कॅनडात बोलावताना तिथल्या केंद्र सरकारने स्पॉन्सरला (बोलावणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला) पात्र ठरवलं की निम्मं काम झालं, असं म्हटलं जातं. न्यू ब्रन्सविक प्रांताच्या फ्रेंच भागात जाणार असाल तर ठीक, पण क्यूबेक प्रांतात खरी अडचण तिथूनच सुरू होते. पात्रतेचं पत्र हातात आल्यावरच स्पॉन्सर क्यूबेकच्या इमिग्रेशन मंत्रालयाकडे हमीचा (जोडीदाराचा खर्च उचलण्याच्या हमीचा) वेगळा अर्ज करू शकतो. तो मंजूर झाला की जोडीदाराला क्यूबेकचं निवड प्रमाणपत्र, आणि मगच फाइल पुढे सरकते. या हमी-अर्जांना मर्यादा घातली होती: २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या काळासाठी एकूण १३,०००, त्यांतले १०,४०० जोडीदारांच्या गटाला. २०२५च्या जुलैमध्येच हा वाटा भरला. म्हणजे केंद्राची मंजुरी असूनही माणसं ताटकळतात. हे फार अन्यायकारक आहे, पण धरून चालायलाच हवं.

म्हणून मेडिकलची (वैद्यकीय तपासणीची) घाई करू नका, सूचनापत्र येऊ द्या. ती तपासणी १२ महिनेच चालते आणि मुदत गेली की पुन्हा खर्च. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर आताच करून ठेवा, सोबत मूळ दाखल्याची प्रतही लागते. आणि हमी देणाऱ्याला स्पष्ट सांगा: जोडीदारासाठी ती ३ वर्षांची असते, पीआर मिळाल्यापासून मोजतात आणि मधे घटस्फोट झाला तरी सुटत नाही.