नीटच्या निकालानंतरच्या फॉर्मची तयारी आत्तापासून काय करावी? (मुलगी बारावीत, ओबीसी)

गेवराईची आई

नमस्कार. मुलगी यंदा बारावीत आहे. सराव परीक्षेत 720 पैकी 480 ते 510 पडतात. बायोलॉजी चांगलं आहे, फिजिक्समध्ये मार खाते. अभ्यासाचं तिचं ती बघते, आम्ही दोघं दहावीपर्यंत शिकलेलो. पण निकालानंतर जो फॉर्म भरायचा असतो त्याची धास्ती वाटते. नात्यातल्या एका पोराचे मार्क चांगले होते, तरी कागदावरून अडलं. आम्ही माळी, ओबीसी. मुलीचा जातीचा दाखला काढलेला आहे, पण ह्यांच्या घराण्यात व्हॅलिडिटी (जातपडताळणीचं प्रमाणपत्र) कुणाचीच नाही. एक जण सगळा फॉर्म भरून द्यायचे 35 हजार मागतोय, वर म्हणतो की अर्ज असा करतो की कॉलेज मिळालंच पाहिजे. द्यावेत का?

कार्यालयातली ताई

ताई, पैसे देऊ नका. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. दरवर्षी निकालानंतर रडवेले आईबाप समोर उभे राहतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नाही, निबंध नाही. मेरिट नीटच्या मार्कांवर लागतं. त्यामुळे अर्ज कुणी "भारी" भरून देईल असं काही नसतंच. फॉर्म मुलगी स्वतः भरू शकते. घरच्यांच्या हातात असतात ते कागद, आणि त्यातला वेळखाऊ कागद एकच, जातपडताळणी. ती मुदतीत हातात नसली तर ओबीसीतून नंबर लागणारी मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाते. पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर एखाद्या वर्षी सवलत मिळते, एखाद्या वर्षी नाही. त्या भरवशावर राहू नका.

उद्याच कॉलेजात जाऊन पडताळणीसाठीच्या नमुना 15 अ वर प्राचार्यांची सही-शिक्का घ्या. बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्याला तो मिळतो. मग ऑनलाइन अर्ज करून कागद बीडच्या जिल्हा जातपडताळणी समितीकडे द्यायचे. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तुमच्या घरात व्हॅलिडिटी नाही, म्हणून हाच पुरावा भक्कम हवा.

तो कुठं मिळतो? आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीचे आजोबा शाळेची पायरीच चढले नव्हते. सगळे हताश झाले. मग आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरात निघालं. पान कडेला वाळवीनं खाल्लेलं, पण जातीच्या रकान्यात "माळी" स्वच्छ वाचता येत होतं आणि दाखल तारीख 1958 ची. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी उतारा दिला. शाळेत काहीच नाही निघालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, बघा. त्यातही जात लिहिलेली असते. आडनाव किंवा नावात फरक असेल तर वंशावळीच्या शपथपत्रात तो तिथंच खुलासा करून टाका, समितीनं विचारायची वाट बघू नका.

बाकीचं पटकन सांगते. वय-राष्ट्रीयत्व-अधिवास सेतूतून काढून ठेवा. नॉन-क्रिमिलेअर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं, तुमचं त्याआधी संपत असेल तर एप्रिलमध्येच नवीन टाका. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधार आणि नीटचा फॉर्म, तिन्हीकडं स्पेलिंग एकच हवं.

इंटर्न, अंबाजोगाई

ताईंनी कागदांचं सांगितलं, मी पसंतीक्रमाबद्दल लिहितो, कारण पोरं तिथं घाबरून चुकीचा क्रम लावतात.

काकू, नीटचा निकाल लागला की दोन वेगळ्या नोंदण्या असतात. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी एमसीसीकडे (केंद्राची समुपदेशन समिती), आणि राज्याच्या 85 टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. एमसीसीसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं तिथं चालत नाही.

यादीत कॉलेजं मनातल्या क्रमानं लावायची. वरून बघत येतात आणि मेरिटनुसार जी पहिली मिळेल ती जागा देतात. मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं बी.जे. पहिल्यांदा लिहिलं म्हणून खालचं नांदेड हातचं जात नाही. मात्र जिथं पाठवायचंच नाही ते कॉलेज यादीत घालू नका.

गेल्या वर्षीच्या मार्कांवरून अंदाज बांधू नका. 2024 मध्ये 720 पैकी 720 घेणारे होते, 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. तेच 510 मार्क एका वर्षी कुठंच नेत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी चांगलं कॉलेज देतात. बघायचा तो राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि प्रवर्ग. आणि गावात कुणी "मराठवाड्यातल्यांनी मराठवाड्यातलंच भरावं" असं सांगितलं तर ऐकू नका. 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्येच रद्द झालाय.

पहिल्या फेरीत कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्या. पुढच्या फेरीत वरचं हवं असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे मिळालेलीच जागा कायम ठेवायचा फॉर्म, भरू नका. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. न भरता वरचं मिळालं तर मात्र आधीची जागा आपोआप जाते. हे मुलीला नीट समजावून सांगा, प्रवेशाच्या दिवशी गडबडीत सही होऊन जाते.

कार्यालयातली ताई

एक राहिलं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. म्हणून खासगी कॉलेजांची नावं फी बघून लगेच खोडू नका, उत्पन्नाचा दाखला काढा आणि हॉस्टेल-मेसचा हिशोब मांडून मगच ठरवा.

गेवराईची आई

दोघांचेही खूप आभार. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. 15 अ साठी सोमवारी जातो. फक्त एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या भावाचा 1961 चा शाळेचा दाखला घरात आहे, त्यावर माळी लिहिलंय. तो चालेल का?

कार्यालयातली ताई

नाही ताई, तो सासूबाईंच्या माहेरचा झाला. मुलीच्या वडिलांकडचं, रक्ताच्या नात्यातलं माणूस हवं. सासरे, त्यांचे सख्खे-चुलत भाऊ, त्यांचे वडील. सासऱ्यांचं मूळ गाव दुसरं असेल तर आधी त्या गावची शाळा गाठा, आणि जाताना जन्मसालाचा अंदाज लिहून न्या. साल माहीत असलं की मुख्याध्यापक नेमकं रजिस्टर काढतात, नाहीतर सगळी बाडं उलटत बसावं लागतं.