घरीच गाडी बनवतोय, स्वस्तातली टूल्स कुठे चालतील आणि कुठे अजिबात नाही?

चेसिस_वेडा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं ते आता खरंच सुरू करतोय. दोन सीटची छोटी ओपन गाडी, लोटस सेव्हन ह्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, म्हणजे २५ मिमी चौकोनी पाईपची (भिंत १.६ मिमी) स्पेस फ्रेम (पाईप जोडून केलेला सांगाडा) आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल एका जुन्या डोनर गाडीचा (जिचे पार्ट काढून वापरायचे ती). ड्रॉइंग आहेत, गॅरेज रिकामं आहे, घरच्यांची परवानगी पण आहे, नाहीयेत ती टूल्स. सध्या एक घरगुती ड्रिल, गोटी पान्यांचा सेट, हॅक्सॉ आणि हातोडी एवढंच आहे.

लागणार काय ते लिहून काढलं तर ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, क्लॅम्प, ड्रिल बिट, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना), जॅक, स्टँड, रिव्हेट गन, ब्रेक पाईपचं फ्लेअरिंग टूल (पाईपचं टोक पसरवून जॉइंटसाठी तयार करणारं), शिवाय अजून आठवत नाहीत ती वेगळीच. सगळं प्रोफेशनल घेतलं तर गाडीपेक्षा टूल्सच महाग पडतील. सगळीकडे वाचतोय की "आधी स्वस्तातलं घ्या, जे मोडेल तेवढंच मग चांगलं घ्या". हे सगळ्याच टूल्सना लागू होतं का? आणि वेल्डिंग मी नव्याने शिकतोय, तर साधं रॉडवालं इन्व्हर्टर मशीन घेऊ की मिग (ज्यात रॉडऐवजी वायर गनमधून आपोआप पुढे येते)?

ग्रीसहात:
अभिनंदन भाऊ, फोटो टाकत राहा.

तो नियम चांगला आहे पण तो फक्त त्या टूल्सना लागू होतो जी बिघडली की तुम्हाला लगेच कळतं. पाना घसरला, बिट तुटलं, क्लॅम्पचे आटे गेले, हे सगळं डोळ्यांसमोर होतं, वेळ जातो, फार तर बोटं सोलतात. पण टॉर्क रेंच चुकीचं रीडिंग देत असेल तर बोल्ट दिसायला तसाच घट्ट दिसणार आणि सस्पेन्शनचा तो बोल्ट सैल आहे हे रस्त्यावर कळणार. म्हणून मी टूल्स महाग-स्वस्त अशी बघतच नाही, ह्याने दगा दिला तर मला कळेल का एवढंच बघतो.

कळणाऱ्यांमध्ये बिनधास्त स्वस्त घ्या. क्लॅम्प तर साधेच घ्या आणि भरपूर घ्या, फ्रेम जुळवताना कितीही असले तरी कमीच पडतात. सॉकेट मात्र सहा कोनांचे बघा, बारा कोनांचे स्वस्तातले सॉकेट डोनर गाडीच्या गंजलेल्या बोल्टची डोकी गोल करून ठेवतात आणि मग तो बोल्ट काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ड्रिल मशीन आहे तेच ठेवा, पैसे बिटांवर घाला. सोनेरी रंगाची बिटं बघून भुलू नका, तो नुसता वरचा थर असतो आणि परत धार लावली की टोकावरून जातो. साधी चांगली एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटं पुरतात, कडक मटेरियलसाठी दोन-तीन कोबाल्टची ठेवा. मुळात बिटं जळतात ती जास्त स्पीडने. १० मिमीच्या बिटाला माइल्ड स्टीलमध्ये साधारण ८००-९०० आरपीएम खूप झाले आणि घरगुती ड्रिल ट्रिगर पूर्ण दाबला की त्याच्या तिप्पट पळतं, तेव्हा ट्रिगर अर्धाच दाबा, आधी सेंटर पंच, मग ३ मिमीचं पायलट भोक, तेलाचा थेंब, आणि वजन टाकून दाबा.

ग्राइंडर स्वस्त चालेल, चकत्या स्वस्त नकोत. १ मिमीची कटिंग चकती पाईप छान कापते, पण तीच चकती आडवी धरून घासायला कधीही वापरू नका, ती बाजूचा भार घेण्यासाठी बनवलेलीच नसते, फुटते. मधल्या धातूच्या रिंगवर एक्स्पायरी छापलेली असते तीही बघा. गार्ड काढायचा नाही, आणि चष्मा घातला असला तरी वरून फेस शील्ड घालाच.

आता टॉर्क रेंच. स्वस्तातला क्लिकवाला सुद्धा पुष्कळदा ठीक निघतो पण तो ठीक आहे हे तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय मानायचं नाही. त्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये असं धरा की हँडल आडवं राहील, हँडलच्या मुठीच्या बरोबर मध्यावर दोरीने माहीत असलेलं वजन लटकवा. १० किलो वजन चौकोनाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर म्हणजे ४९ न्यूटन मीटर. रेंचच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते ती धरा. ४५ ला लावल्यावर क्लिक व्हायला पाहिजे, ६० ला नाही. अंतर बदलून दोन-तीन ठिकाणी बघा. अंदाजासाठी सांगतो, ८.८ ग्रेडच्या (हा ताकदीचा दर्जा) एम१० म्हणजे १० मिमी बोल्टचा कोरडा टॉर्क साधारण ४५ ते ५० असतो, आट्यांना तेल लागलं असेल तर कमी, पण डोनर गाडीच्या पार्ट्सना त्यांच्या मॅन्युअलमधलाच आकडा. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, आणि टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, त्यासाठी लांब दांड्याचा ब्रेकर बार घ्या, तो साधाही चालतो.

गुण्या_ओळंबा:
वरच्या सगळ्याला +१. मी मापाबद्दल लिहिते कारण नवीन लोक टूल्सच्या यादीत तेच विसरतात, आणि फ्रेम वाकडी झाली तर मग कुठलंही महाग टूल ती सरळ करत नाही.

सगळ्यात आधी टेबल. जाड एमडीएफ किंवा प्लायचं, खालून भक्कम फ्रेम केलेलं, आणि लेव्हलमध्ये. त्यासाठी लेझर नको, पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत थांबतं, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. टेबलावर मधोमध सेंटरलाइन मारा आणि प्रत्येक माप तिच्यापासून दोन्ही बाजूंना घ्या. ह्या बाजूचा पाईप त्या बाजूच्या पाईपवरून मोजत गेलात तर चूक साठत जाते.

गुण्या स्वस्त असेल तर तपासून घ्या, सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारायची, दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. स्पिरिट लेव्हलचंही तसंच, उलटी फिरवून बुडबुडा तिथेच येतो का बघायचं. टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वापरा, आणि बारीक मापाला टोकाचा हुक न धरता १०० मिमीच्या खुणेपासून मोजून १०० वजा करा. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत, १ मिमीच्या आत येईपर्यंत मी तरी वेल्डिंगला हात लावत नाही.

ठिणगी:
वेल्डिंगचं मी सांगतो, रोज हेच काम आहे.

१.६ मिमीच्या पाईपवर नवशिक्याने रॉड चालवला तर भोकं पडणारच. जमत नाही असं नाही, २ मिमीचा ६०१३ रॉड घेऊन ४०-५० अँपिअरवर माणसं करतात, पण हात बसायला वेळ लागतो. तुम्ही मिग घ्या, ०.६ किंवा ०.८ ची वायर, शक्यतो गॅससह. गॅसशिवायची फ्लक्स-कोअर वायर वापरणार असाल तर एक गोष्ट नीट ऐका, तिची पोलॅरिटी उलटी असते, गन निगेटिव्हला. गॅसच्या साध्या वायरला गन पॉझिटिव्हला. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये आतल्या टर्मिनलवर ते बदलता येतं आणि न बदलता लोक वायरला शिव्या देत बसतात की ठिणग्या उडतात, वेल्ड धरत नाही.

स्वस्त मशीनची ड्युटी सायकल २०% वगैरे लिहिलेली असते म्हणजे त्या करंटला १० मिनिटांत २ मिनिटंच वेल्डिंग, बाकी मशीन थंड होणार. तुमच्या कामाला हे पुरतं कारण फ्रेमला तसाही लांब वेल्ड एका दमात मारायचा नसतो, पाईप ओढला जातो. आधी पूर्ण फ्रेम फक्त टॅकवर (ठिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डवर) उभी करा, कर्ण परत मोजा, मग छोटे वेल्ड, एक इकडे एक समोरच्या कोपऱ्यात. एक्स्टेन्शन केबल जाड घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, नाहीतर व्होल्टेज पडतं शिवाय केबल तापते.

आणि आधी भंगार पाईपवर टी जॉइंट मारत बसा. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. पाईप वाकला आणि वेल्ड टिकला तर बरं, वेल्ड उचकटून आला तर नुसता वर बसला होता, आत शिरलाच नव्हता. एखादा जॉइंट हॅक्सॉने मधून कापून पण बघा. दिसायला सुंदर वेल्ड आतून कोरडा असू शकतो आणि हा पण त्या न कळणाऱ्या दग्यातलाच प्रकार आहे. म्हणून सस्पेन्शनचे ब्रॅकेट, स्टिअरिंग आणि सीट बेल्टचे पॉइंट तुम्ही टॅक करा आणि पूर्ण वेल्ड अनुभवी माणसाकडून मारून घ्या, ह्यात कमीपणा काहीच नाही. गॅल्व्हनाइज्ड पाईप असेल तर जस्त घासून काढल्याशिवाय वेल्ड नको. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर तर अजिबातच नको, क्लोरीनवाला असेल तर आर्कने त्यातून विषारी वायू निघतो.

जुनापाना:
जॅकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जॅक फक्त उचलायला, गाडीखाली जायचं ते स्टँडवर भार टेकवल्यावरच, आणि गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितल्यावरच. स्टँड दात्यांचे घेण्यापेक्षा आडवी पिन आरपार जाणारे घ्या, पिन गेली की नाही ते लांबून दिसतं. दात्यांच्या स्टँडमध्ये दाता अर्धवट अडकला तरी बाहेरून कळत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत लाखो स्वस्त स्टँड ह्याच कारणासाठी परत मागवले होते.

इंजिन हॉइस्ट आणि प्रेस विकत घेऊ नका, एक-दोनदाच लागतात, भाड्याने किंवा ओळखीतून आणा. स्प्रिंग कॉम्प्रेसर मात्र भाड्याचा घेतलात तरी आटे आणि हुक नीट तपासून मगच लावा.

चेसिस_वेडा:
खूप खूप आभार सगळ्यांचे, "कळेल का" ही कसोटी लावून यादी परत लिहिली. मिग, पिनवाले स्टँड आणि चांगल्या चकत्या ह्यावर खर्च करतो, क्लॅम्प, पाने, रिव्हेट गन साधी. ताई, पाण्याची नळी आजच आणली. एकच राहिलं, ब्रेक पाईपचं फ्लेअरिंग टूल. साधा क्लॅम्पवाला सेट चालेल का?

ग्रीसहात:
तो सेट मी सांगणार नाही. त्यात पाईप सरकतो, फ्लेअर तिरका होतो आणि स्टीलच्या पाईपवर तर जास्तच. व्हाइसमध्ये धरायचं फ्लेअरिंग टूल कोणाकडून दोन दिवस मागून आणा, किंवा जाड तारेने प्रत्येक पाईपची लांबी आणि वळणं काढून घ्या आणि फ्लेअर मारलेले पाईप तयार करून घ्या. स्वतः करणार असाल तर कॉपर-निकेलचा पाईप घ्या, तो हाताने वळतो आणि फ्लेअर पण नीट बसतो. हॅक्सॉने न कापता छोट्या ट्यूब कटरने कापा, आतली कड साफ करा, आणि फ्लेअर मारायच्या आधी नट पाईपवर चढवा. डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर वेगळे असतात, डोनर गाडीच्या सिलिंडरला कुठला लागतो ते जुना पाईप सोडवून बघा, मिसळायचे नाहीत.

सिस्टिम भरून हवा काढून झाली की प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगायचं, काही मिनिटं तसंच. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा कुठला कागद ओला झाला असेल तर नट अजून आवळत बसू नका, तो फ्लेअर कापून नवीन मारा. ब्रेक ऑइल पेंटवर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पेंट उठतो.